नेलपॉलिशची रेघ

दोन हजार चोवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. घाट उतरून भावाच्या सासरवाडीला तू काही शिकायला जाशील, असं कोणी तेव्हा म्हटलं असतं तर त्याला मी ओट्यावरून उठवून लावलं असतं. मी शिकायला गेलोही नव्हतो. भावाचा मेहुणा रामकिसन, त्याला खोटं पाडायला गेलो होतो. जे घाटाखाली कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी यासाठी पुरते.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव घाटावर, चिखली तालुक्यात. वावरातल्या लाईनीची, म्हणजे विजेची, डीपी माझ्या बांधाला लागून आहे. दोन खांब, मध्ये लोखंडी पेटी, तिच्यातून तार निघते. पहिली विहीर माझी. तिथून तार एकेका विहिरीला लाईन देत पुढे जाते आणि शेवटच्या विहिरीवर संपते. ती विहीर शेवंताची. शेवंता म्हणजे माझ्या मयत धाकट्या भावाची बायको. एकटी वावर करते, चांगलं करते.

डीपी लहान आणि मोटारी जास्त, व्होल्ट फार खाली आले की मोटर जळते, म्हणून कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. ते मी ठेवतो. मला कोणी नेमलं नाही. माझी विहीर पहिली आहे आणि शेगावला घेतलेली शिट्टी माझ्याकडे आहे. पद्धत अशी, की माझ्या मोटारीच्या पेटीतला व्होल्टचा काटा खाली आला की मी शिट्टी वाजवायची आणि पुढच्यांनी मोटारी बंद करायच्या. माझा काटा सहसा चारशेच्या खाली येत नाही. त्यामुळे शिट्टी फारशी वाजत नाही.

त्या हिवाळ्यात शेवंताची मोटर दोनदा जळली. वावरात कांद्याचं बी धरलेलं, पांढरे गोंडे छातीइतके वर आलेले. ज्यांनी बियाण्याचा कांदा पाहिला नाही त्यांना सांगतो, गोंडे फुलावर असताना पाणी चुकलं की दाणा भरत नाही. सगळं वर्ष त्या गोंड्यात असतं.

मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे बाई भासऱ्याशी तोंडाने बोलत नाही. काही सांगायचं झालं तर दुसऱ्या कोणाला सांगते आणि भासऱ्याने ऐकायचं असतं. तिच्याकडे दुसरं कोणी नाही, म्हणून ती शेळीला सांगते. दुसऱ्यांदा मोटर जळली तेव्हा मी बांधावर उभा होतो. ती डोक्यावरचा पदर ओढून शेळीला म्हणाली, "आता तिसऱ्या डाव जळली ना माय, त मी वावर ठोक्यानं देतो अन् माहेरी जातो. तुलेबी संगं नेतो."

भावाचं वावर माझ्या डोळ्यांसमोर परक्याने वाहायचं आणि भावाची बायको माहेरी बसायची. गावात तोंड दाखवायला मग मी शेळीच्याच मागे उभा राहायचं.

मी शेळीला म्हटलं, "तिले सांग, माह्या काट्यावर चारशेच्या वर हाय. तार एकच हाय. तिचा मेकॅनिक चोर असंल."

शेळी काही बोलली नाही.

जळलेली मोटर भरून, म्हणजे आतली तार नवी गुंडाळून, आणायला तिचा भाऊ रामकिसन आला. तो घाटाखालचा, मलकापूरच्या पुढे नदीच्या बाजूचा. चहा पिता पिता म्हणाला, "आमच्याकडे नाही जळत, मोठे दाजी. कोणी शिट्टीबी नाही वाजवत."

माझ्या ओट्यावर बसून, माझ्या कपात. मी म्हटलं, "येतो मी पाह्याले."

तो म्हणाला, "या ना."

घाट

चिखलीहून बुलढाणा आणि तिथून मलकापूरची एस.टी. कंडक्टरने अर्ध्या तिकिटासाठी कार्ड मागितलं. मी म्हटलं, तोंडाकडे पाहा. त्याने पाहिलं आणि तरी कार्ड मागितलं. कार्ड बंडीच्या आतल्या खिशात होतं. ते काढेपर्यंत राजूर घाट लागला, म्हणून घाटाचा पहिला भाग मला सांगता येत नाही.

दुसरा भाग चांगला आहे. वळणावर गाडी कलली की खाली सगळा मुलूख दिसतो, तव्यासारखा सपाट, आणि पार पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. घाटाखालचे लोक त्या सपाटीला भुई म्हणून फार मिरवतात. माती काळी आहे, हे खरं. पण उतरता उतरता खिडकीतून गरम वारा आत येतो आणि शेजारचा माणूस सदऱ्याचं बटण सोडतो. त्यावरून काय ते समजावं.

मलकापुरात मी थांबलो नाही. कापसाच्या गाड्या आणि रेल्वेची फाटकं यांच्यामध्ये माणसाला उभं राहायला जागा नाही. जीप मिळाली. जीपमध्ये मला पुढे बसवलं, ते बरोबर केलं.

रामकिसनच्या घरी

मुलाकडचा माणूस मुलीकडच्या घरी गेला की त्याचा मान असतो, हे घाटाखालीही पाळतात. पाय धुवायला गरम पाणी दिलं. घर धाब्याचं, वर सपाट मातीचं छप्पर, आत गार. जेवायला कळण्याची भाकर होती. ज्वारीत उडीद घालून दळतात, भाकर काळसर होते. सोबत वांग्याचं भरीत. त्यांची वांगी हिरवी आणि नारळाएवढी, भरताला शेंगदाणे घालतात आणि वर कच्चं तेल. आमच्या घाटावरचं भरीत याहून चांगलं असतं. मी तिसऱ्यांदा घेतलं, कारण घरच्या बाईला वाईट वाटू नये.

विजेबद्दल रामकिसन एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. त्याने आधी बोलायला पाहिजे होतं.

वावरात

सकाळी त्यांच्या डीपीवर गेलो. डीपी आमच्याएवढीच, मोटारी आमच्याहून जास्त. पहिली विहीर रामकिसनची, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुमच्या डीपीचा मुख्य कोण?"

"मुख्य नाही कोणी."

"मंग ठरोते कोण?"

"काय ठरवाचं?"

मी समजलो की हा लपवतो आहे. पुढच्या विहिरीवर एक जण बैलाला पाणी पाजत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मुख्य? ग्रामपंचायतीचा?" त्याच्या पुढचा म्हणाला, रामकिसनला विचारा. मी मागे वळून पाहिलं. रामकिसन तुरीच्या काडीने दात कोरत होता.

मग मला पेटी दिसली. मोटारीच्या पेटीत व्होल्टचं जे मीटर असतं, त्याच्या काचेवर लाल रेघ मारलेली होती. बाईच्या नखाला लावतात त्या रंगाची, नेलपॉलिशची. बैलवाल्याच्या काचेवरही रेघ. पुढच्याच्याही. मी सगळ्या पेट्या उघडून पाहिल्या. कोणी अडवलं नाही. आमच्याकडे अडवलं असतं.

आणि तिथेच मी त्यांना पकडलं. रेघा सारख्या नव्हत्या. रामकिसनची रेघ सगळ्यात वर, चारशेच्याही पुढे. पुढे पुढे रेघ खाली सरकत गेलेली. म्हणजे उघड उघड पक्षपात.

मी म्हटलं, "एकाले एक न्याय अन् दुसऱ्याले दुसरा? अन् तुमची रेघ सगळ्यात कडक. गावाचा तुमच्यावर राग हाय काय?"

रामकिसन हसला. "नाही जी. एक दिवस आम्ही सगळे आपापल्या पेटीपाशी उभे राह्यलो. मोटारी एक एक करून चालू केल्या. पार शेवटी हमीदाबी हाय. तिची मोटर चालू, नजर काट्यावर. तिचा काटा मोटर जळाच्या जागेवर येऊन टेकला, तसा तिनं पदर हलवला. पदर दिसला की ज्याचा काटा जिथं व्हता तिथं त्यानं रेघ मारली. बस."

"अन् मंग?"

"मंग काय. ज्याचा काटा रेघेखाली गेला, त्यानं आपली बंद कराची. कोणी कोणाले सांगत नाही, कोणी विचारत नाही. माह्याकडे चारशे असले तरी शेवटाले किती पोचते हे माह्या रेघेवर लिवलेलं हाय. दाजी, पाटाचं पाणी तुमच्या बांधाशी तुडुंब वाह्यते म्हणून शेवटच्या वाफ्यातबी तुडुंब असते काय?"

पाण्याची गोष्ट वेगळी आणि तारेची वेगळी, असं मी म्हणणार होतो. पण पाणी मी पन्नास वर्षं धरलेलं आहे. म्हणून मी दुसरं विचारलं.

"बंद केली, काटा वर आला. मंग चालू किती वेळानं कराची?"

"ज्याचं त्याचं काम झालं की."

"कोणतं काम?"

"मी जेवतो. हा बैलाले पाणी पाजते. तो तंबाखू खायाले त्याच्या मामाच्या वावरात जाते. हमीदाबीची नमाज असते, नाहीतर कोंबड्या."

मी त्याला सल्ला दिला, की हे बरोबर नाही, सगळ्यांनी एक वेळ ठरवावी, शिस्त लागते.

"ठरोली व्हती, दाजी. घड्याळं लावली व्हती. सगळे एकाच वक्ती चालू करत. काटा धाडकन खाली. मंग सगळे एकाच वक्ती बंद करत. काटा वर. मंग पुन्हा सगळे चालू. दिवसभर असंच. स्टार्टर ठोकून ठोकून बोटं दुखली अन् वाफा एकाचाबी भिजला नाही. मंग घड्याळं सोडली."

"अन् कोणी लुच्चेपणा केला त? रेघ पुसून खाली मारली त?"

"मारू द्या ना. बाकीच्यांचे काटे सांगतात. अन् हमीदाबी येते."

चुकलं म्हणतात ते

दुपारच्या आधी लाईन गेली. रामकिसन कडबा आणायला घराकडे गेला. मी मोटारीपाशी सावलीत बसलो. थोड्या वेळात लाईन आली आणि पेटीवरचे दिवे लागले.

आमच्याकडे सगळ्यांनी मोटारीला ऑटो बसवले आहेत. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, माणूस घरी असला तरी. इथे ऑटो नव्हते. म्हणजे लाईन येऊन वाया चालली होती आणि मालक कडब्याला गेला होता. कोणताही शहाणा माणूस करील तेच मी केलं. हिरवं बटण दाबलं.

काटा रेघेच्या वर होता. पाइपातून पाणी पडलं. मी दांडावर, पाण्याच्या पाटावर, पाय सोडून बसलो. मग बैलवाल्याची मोटर सुरू झाली. मग त्याच्या पुढची. मध्ये बराच वेळ काही नाही, तो मामाच्या वावरातून येत असेल. मग आणखी एक. होता होता काटा रेघेवर आला आणि रेघेच्या खाली गेला.

मी बंद केली नाही. पाहुणा माणूस होतो, पण एकदा सुरू केलेली मोटर मी दुसऱ्याच्या नेलपॉलिशला पाहून बंद करत नाही. शिवाय काट्यावर चारशे होते. चारशेवर मोटर बंद करणारा माणूस मी तरी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात पार टोकाकडची मोटर बंद पडली. मग तिच्या अलीकडची. मग त्याच्या अलीकडची. मी ऐकत बसलो. शेवटी बैलवाल्याची बंद झाली आणि सगळ्या शिवारात माझीच एक चालू राहिली. असा आवाज मी घरी पुष्कळदा ऐकलेला आहे. लाईन कमी झाली की पुढचे बंद करतात, असं मी समजत होतो. इथे लाईन कमी झालेली नव्हती.

बांधाबांधाने एक म्हातारी चालत आली. हातात विळा, डोक्यावर पदर, वय माझ्याएवढं. वाटेत प्रत्येक पेटीत डोकावत आली. दुरूनच ओरडली, "कोन हाय बे? रामकिसन, तुह्या घरी कोनी मेलं काय?"

मी उभा राहिलो. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग पेटीतला काटा पाहिला, मग पुन्हा मला.

"रामकिसन कुठी हाय?"

"कडब्याले गेला. मी पाव्हणा. शेवंताचा भासरा."

"अच्छा, पाव्हणे हाय." तिने विळा खांद्यावर टाकला. "मले वाटलं घरात मयत झाली. त्याबिगर ही मोटर अशी चालत नाही. जेवले काय पाव्हणे?"

"नाही."

"मंग जेवा आधी."

मी म्हटलं, "बंद करतच व्हतो." आणि लाल बटण दाबलं.

ती निघून गेली नाही. दांडाच्या कडेला टेकली आणि तंबाखूची डबी काढली. "घाटावर तुमच्या तारेच्या शेवटाले कोन हाय?"

"शेवंताच."

"तुमची विहीर?"

"पहिली."

तिने तंबाखू मळली. चुना लावला. "मंग तिची मोटर किती डाव जळली?"

"दोन डाव."

यावर तिने नुसती तंबाखू तोंडात टाकली. बोलली असती तर माझ्याजवळ उत्तर होतं. मेकॅनिकचं उत्तर मी घाट उतरताना पक्कं करून ठेवलं होतं.

आम्ही दोघं तिथे बसलो असता टोकाकडून एक मोटर सुरू झाली. "माह्या सुनेनं लावली," म्हातारी म्हणाली. मग मधली. मग बैलवाल्याची. शिट्टी नाही, हाक नाही, कोणी कोणाच्या बांधावर गेलं नाही. माझा काटा डगडगला आणि रेघेच्या जरा वर येऊन उभा राहिला. म्हणजे रामकिसनचा.

तो कडबा घेऊन आला. त्याने हमीदाबीकडे पाहिलं, बंद मोटारीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "दाजी, डबा आणला. जेवून घ्या." मुलीकडचा माणूस, म्हणून पुढे काही विचारलं नाही. मान राखला.

निघताना त्यांनी मला टॉवेल-टोपी केली, नारळ दिला. टोपी जरा घट्ट होती. हमीदाबीने भरताच्या वांग्यांची पिशवी आणून दिली आणि म्हणाली, "तिले द्या. शेवटाले हाय तिले."

परत

परतीच्या एस.टी.ला बुलढाण्यापर्यंत उभं राहावं लागलं. एका मास्तराने जागा देऊ केली, पण त्याने "आजोबा" म्हटलं, म्हणून मी घेतली नाही. घाटात गाडी वळली तसं पिशवीतलं एक वांगं निसटलं आणि पार मागच्या दारापर्यंत गेलं. मागच्या बाईने ते परत पाठवलं. ते हातोहात पुढे आलं, मधल्या कोणीही ठेवून घेतलं नाही. एवढंच त्या प्रवासात सांगण्यासारखं होतं.

पिशवी मी शेवंताच्या दारात ठेवली. ती आतून शेळीला म्हणाली, "वांगी आमच्याकडची दिसतात वं."

मी शेळीला म्हटलं, "बरी हायेत. आपल्याकडं याहून चांगली येतात."

घरी मुलाने विचारलं, "मंग बाबा, खोटं निघालं काय?" मी म्हटलं, त्यांच्या डीपीला मुख्य नाही, घड्याळ नाही, सगळा कारभार नखाच्या रंगावर चालतो. तो हसला. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हटलं, "नेलपॉलिश हाय काय तुह्याकडं?"

"कोणाच्या नखाले लावता, मामाजी?"

"मोटारीच्या."

लाल नव्हती, गुलाबी होती. ती खिशात घातली. शिट्टी खुंटीला राहू दिली. वावरात जाऊन आधी पक्कडीने माझ्या पेटीतल्या ऑटोची तार सोडवली. बाकीच्यांचे ऑटो बाकीच्यांनी पाहावे, ते मी सांगणार नाही. लाईन आली. पुढच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. माझी, या डीपीवर सगळ्यात मोठी असलेली, बंद होती. मी तारेखालून चालत शेवटच्या विहिरीवर गेलो. त्या पेटीपाशी मी कधी गेलो नव्हतो. शेवंता पेटीजवळ उभी होती. दुसऱ्यांदा जळल्यापासून ती आपली मोटर हाताने लावते. मला पाहून तिने पदर ओढला आणि बाजूला झाली. मी काट्याकडे पाहिलं.

शेळीला म्हटलं, "तिले सांग, चालू कर म्हणा."

शेवंता शेळीला म्हणाली, "मोठ्या मोटारीचं काय?"

"बंद हाय."

तिने काटा एकदा पाहिला. मग तिने बटण दाबलं. काटा खाली आला, थरथरला आणि जिथे मोटर जळत नाही तिथे थांबला, जेमतेम. पाणी दांडातून गोंड्यांकडे गेलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "इथंच टेकला." शेळी तेव्हा बांधाच्या पलीकडे चरायला गेली होती.

मी माझ्या विहिरीवर परत आलो. माझ्या काचेवर काटा जिथे उभा होता तिथे रेघ मारली. पुष्कळ वर आली. रंग वाळू दिला. मग माझी मोटर सुरू करून पाहिली. काटा रेघेच्या खाली गेला. चारशे होते.

बंद केली. भूक नव्हती. डबा सोडला आणि जेवायला बसलो.